तीन शून्यांचे अंतर



बँकेच्या नोकरीत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांपैकी एक मला आजही लख्ख आठवते. मी तेव्हा नवखा अधिकारी होतो. शाखा तालुक्याच्या गावी होती. तिमाही अखेरचे विवरणपत्र विभागीय कार्यालयाकडे पाठवायचे होते. छापील नमुन्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रक्कम हजार रुपयांत’ असे लिहिलेले होते. ते माझ्या नजरेतून निसटले आणि मी शाखेच्या ठेवी पूर्ण रुपयांत लिहून मोकळा झालो. परिणामी आमच्या दोन कोटी चाळीस लाखांच्या ठेवी वाचणाऱ्याच्या लेखी दोन हजार चारशे कोटींच्या झाल्या. बेरीज बिनचूक होती, ताळा जमत होता आणि खाली माझी सहीही होती.

दोन दिवसांनी विभागीय कार्यालयाचा दूरध्वनी आला. व्यवस्थापकसाहेबांनी मला आत बोलावले. आवाज मुळीच चढवला नाही, एवढेच विचारले, “अहो, या तालुक्यातली सगळी घरं, शेतं, गुरंढोरं विकली तरी एवढे पैसे जमतील का?”

बेरीज बरोबर असणे आणि आकडा खरा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी उमगले. मात्र एकदा उमगलेले पुन्हा विसरता येते, हेही उतारवयात अनुभवाला आले. आजचा लेख त्या विसरण्याविषयीच आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीतील गोष्ट. आमच्या विस्तारित कुटुंबाचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. अमेरिकेत सरकारी उधळपट्टीला आळा घालण्याची मोहीम जोरात सुरू झाली होती. २० जानेवारीला नव्या राष्ट्राध्यक्षांनी शासकीय कार्यक्षमता विभाग स्थापन केला होता. तिकडे त्याला लघुरूपाने ‘डोज’ म्हणत आणि उद्योगपती इलॉन मस्क हे त्या मोहिमेचा चेहरा होते. गटावर कोणीतरी मजकूर पुढे पाठवला, की एक करार रद्द करून अमेरिकी सरकारने ८ अब्ज डॉलर वाचवले. मी जन्मभर काटकसरीचा पुरस्कर्ता. लगेच खाली लिहिले, “शाब्बास! खर्चाला लगाम हवाच. चार माणसांची गैरसोय होईल, पण देशाचे भले होईल.”

त्या चार माणसांत आपला भाचा आहे, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा व्हर्जिनियात एका कंपनीत संगणक अभियंता होता आणि ती कंपनी एका केंद्रीय खात्याचे काम कंत्राटाने करीत असे. त्याच आठवड्यात ते काम थांबवल्याचे पत्र आले होते. परदेशी कामगाराच्या व्हिसावर असणाऱ्याची नोकरी सुटली की नवीन नोकरी मिळवण्यास तिकडे जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. अन्यथा बिऱ्हाड आवरावे लागते. त्याची मुलगी तिसरीत होती.

रविवारी त्याचा फोन आला. तक्रारीचा सूर नव्हता. तो म्हणाला, “मामा, माझ्या नोकरीचं जाऊ द्या. पण तो आठ अब्जाचा आकडा तुम्ही तपासलात का? बेरीज वरून खाली केली की एकदा खालून वर करून बघायची, हे लहानपणी तुम्हीच मला शिकवलं होतं.”

मी तपासला नव्हता. त्या रात्री तपासला. जे आढळले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

रद्द झालेल्या करारांची एक यादी त्या विभागाने स्वतःच जाहीर केली होती आणि एकूण बचत ५५ अब्ज डॉलर झाल्याचे म्हटले होते. प्रत्यक्ष यादीतील करारांची बेरीज मात्र सुमारे १६ अब्जांचीच होती आणि त्यातील निम्मी रक्कम एकाच नोंदीची होती. ती नोंद म्हणजे परदेशी नागरिकांसंबंधीच्या कायद्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘आइस’ या संस्थेचा करार. यादीत त्याची किंमत ८ अब्ज डॉलर अशी होती. वस्तुतः करार ८० लाख डॉलरचा होता. इंग्रजीत पाहिले तर आठ मिलियनच्या जागी आठ बिलियन, म्हणजे अवघ्या एका अक्षराचा फरक. त्या ८० लाखांतीलही सुमारे २५ लाख डॉलर आधीच खर्च होऊन गेले होते. उरलेली बचत फार तर ५५ लाखांची.

न्यायाने सांगितले पाहिजे, की चुकीचे मूळ सरकारच्या जुन्या करार-नोंदवहीतच होते. तेथे पूर्वीच बिलियन असे चढले होते आणि २२ जानेवारीला ते दुरुस्तही झाले होते. वृत्तपत्रांनी लक्ष वेधल्यावर यादीतही दुरुस्ती झाली. चूक कोणाच्याही हातून होते. माझ्याही हातून झाली होती. प्रश्न असा, की आपल्यासारख्या वाचकाला सरकारी नोंदवही न उघडता, घरबसल्या ही चूक कळू शकली असती का? माझे उत्तर आहे, होय. आमच्या व्यवस्थापकसाहेबांचाच प्रश्न विचारायला हवा होता. एवढे पैसे त्या तालुक्यात आहेत का? ‘आइस’ या संपूर्ण संस्थेचा वर्षाचा खर्चच तेव्हा आठ-नऊ अब्ज डॉलरच्या घरात होता. तिच्या एका छोट्या कार्यालयाला साहाय्य पुरवण्याचे कंत्राट संपूर्ण संस्थेच्या वार्षिक खर्चाएवढे कसे असेल? एका लिपिकाचा प्रवासभत्ता शाखेच्या सगळ्या पगारपत्रकाएवढा झाला, तर कोणताही अधिकारी ते व्हाउचर मंजूर करणार नाही.

मग मी ते कसे मंजूर केले? याचे कारण मला असे वाटते, की मोठ्या संख्या आपण वाचत नाही, नुसत्या ऐकतो. कोटी, अब्ज, लाख कोटी हे सारे मनात ‘पुष्कळ’ या एकाच खणात जाऊन पडते. त्यातच आपली मोजणी निराळी आणि त्यांची निराळी. म्हणून प्रथम एकके पक्की करून घेऊ. एक मिलियन म्हणजे दहा लाख. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, अर्थात आपला एक अब्ज. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. प्रत्येक पायरीला तीन शून्ये वाढतात. आपल्या लाख-कोटीच्या पायऱ्या दोन-दोन शून्यांच्या असल्याने भाषांतर करताना जीभ अडखळते. मराठीतील ‘खर्व’ म्हणजे दहा अब्ज, तर हिंदीतील ‘खरब’ म्हणजे शंभर अरब. म्हणजे कानाला एक वाटणाऱ्या दोन शब्दांत दहापटीचे अंतर. इंग्रजांचा स्वतःचाही या बाबतीत गोंधळ होता. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष असे मानत. १९७४ साली तेथील सरकारने शंभर कोटींचा अर्थ अधिकृतपणे स्वीकारला. तेव्हा मोठी रक्कम वाचली की ती कागदावर शून्यांसह लिहून काढावी, हा पहिला नियम.

दुसरा उपाय म्हणजे ती रक्कम वेळेत मोजून पाहणे. दर सेकंदाला एक डॉलर मोजायचा ठरवला, तर ८० लाख डॉलर मोजायला सुमारे ९३ दिवस, म्हणजे तीन महिने लागतील. ८ अब्ज डॉलर मोजायला मात्र अडीचशेहून अधिक वर्षे लागतील. २०२५ साली ते काम संपवायचे असते, तर थोरले माधवराव पेशवे हयात असताना त्याला आरंभ करायला हवा होता. मिलियन आणि बिलियन यांतील तीन शून्ये म्हणजे तीन महिने आणि अडीच शतके यांतील अंतर होय.

तिसरा उपाय भागाकाराचा. अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३४ कोटी धरावी. ८ अब्ज डॉलर वाचले तर माणशी साडेतेवीस डॉलर येतात; ८० लाख वाचले तर माणशी अडीच सेंटसुद्धा येत नाहीत. हा भागाकार किती अवघड जातो, याचे एक उदाहरण २०२० च्या मार्चमध्ये तेथील दूरचित्रवाणीवरच घडले. मायकेल ब्लूमबर्ग यांनी निवडणूक प्रचाराच्या जाहिरातींवर ५० कोटी डॉलर खर्च केले आणि देशाची लोकसंख्या ३२ कोटी ७० लाख आहे, तेव्हा तेवढ्या पैशात प्रत्येकाला दहा लाख डॉलर देता आले असते, असे विधान पडद्यावर झळकले आणि चर्चेत बसलेल्या जाणत्या मंडळींनी त्याला मान डोलावली. खरा भागाकार येतो माणशी दीड डॉलर. कोटीला कोटीने भागल्यावर कोटी उडून जातात, हे शाळेत शिकलेले त्या क्षणी कोणालाच आठवले नाही. नंतर त्यांनी चूक मान्य केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे.

शून्यांची चूक सर्वांत ठळक असते. परंतु बँकेतला अनुभव सांगतो, की ठळक चुकीपेक्षा अर्थाची चूक अधिक महाग पडते. त्याच यादीत अन्य काही नोंदी अशा होत्या, की जेथे एकही शून्य चुकलेले नव्हते, तरीही बचत फुगलेली होती.

उदाहरणार्थ, परदेशी मदतीच्या खात्याचा ६५५ मिलियन, म्हणजे साडेपासष्ट कोटी डॉलरचा एक करार यादीत तीन वेळा धरला गेला होता. रक्कम बरोबर, बेरीजही बरोबर. पण एकच व्हाउचर तीनदा खतावले. तेवढ्यानेच १३१ कोटी डॉलरची बचत कागदावर वाढली.

दुसरी गोष्ट मर्यादेची. सरकारी करारात बहुधा एक कमाल मर्यादा लिहिलेली असते आणि प्रत्यक्ष मागणी त्याहून पुष्कळ कमी असू शकते. व्यापारी वाचकांना हे चटकन समजेल. तुमच्या दुकानाला पन्नास लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर आहे, उचल मात्र आठ लाखांचीच आहे. उद्या बँकेने मर्यादा रद्द केली म्हणून तुमचे पन्नास लाखांचे कर्ज फिटले, असे कोणी म्हणेल काय? त्या यादीत कित्येक ठिकाणी मर्यादेलाच बचत मानले होते. उलट सुमारे चाळीस टक्के करार असे होते, की ज्यांच्यापुढे विभागानेच बचत शून्य दाखवली होती. कारण त्यांचे पैसे आधीच दिले गेले होते किंवा देण्याचे बंधन स्वीकारले गेले होते.

तिसरी गोष्ट काळाची. पाच वर्षांच्या कराराची रक्कम आणि एका वर्षाचा अर्थसंकल्प शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आणि चौथी गोष्ट निव्वळ रकमेची. स्वेच्छेने नोकरी सोडण्याचा प्रस्ताव त्या फेब्रुवारीत सुमारे ७५ हजार कर्मचाऱ्यांनी स्वीकारला. पण त्या प्रस्तावानुसार सप्टेंबरअखेरपर्यंत त्यांचा पगार चालू राहणार होता. म्हणजे काम थांबले तरी खर्च लगेच थांबला नाही. ढोबळ नफ्यातून खर्च वजा केल्याशिवाय नफा सांगू नये, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी शिकवतात.

आता या मोहिमेचा एकूण पसारा पाहू. निवडणुकीपूर्वी, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, मस्क यांनी किमान २ ट्रिलियन, म्हणजे २ लाख कोटी डॉलर वाचवता येतील असे म्हटले होते. जानेवारीत ते एक ट्रिलियनवर आले आणि एप्रिलमध्ये त्यांनी १५० अब्जांचा अंदाज सांगितला. मूळ आकडा ऐकताच तपासता आला असता. २०२४ या वित्तीय वर्षात अमेरिकी केंद्र सरकारचा एकूण खर्च सुमारे ६.७५ ट्रिलियन डॉलर होता. त्यातील वृद्धांचे निवृत्तिवेतन, वृद्धांची व गरिबांची आरोग्यसेवा, संरक्षण आणि कर्जावरील व्याज या पाच बाबींतच दोन-तृतीयांशाहून अधिक रक्कम जाते. या पाचांना हात लावायचा नसेल, तर बाकी सारे सरकार जवळजवळ बंद केल्यावरच २ ट्रिलियन मिळतील.

‘सरकारी नोकर कमी करा, पैसा वाचेल’ असे आपण सहज म्हणतो. तेही मोजून पाहू. टपाल खाते वगळता त्या केंद्र सरकारचे तेव्हा सुमारे २३ लाख नागरी कर्मचारी होते. त्यांचे पगार आणि इतर लाभ मिळून २०२२ साली सुमारे २७१ अब्ज डॉलर खर्च झाला. माणशी भागाकार केल्यास वर्षाला एक लाख अठरा हजार डॉलरच्या आसपास येतो. तेथील मानाने ही रक्कम पटण्यासारखी आहे, म्हणजे आकडा विश्वासार्ह दिसतो. आता सगळ्यांना घरी पाठवले, एकही माणूस ठेवला नाही, असे समजा. तरी वाचणारी रक्कम एकूण खर्चाच्या अवघी चार टक्के होते. शंभर रुपयांच्या घरखर्चात चार रुपये. नोकरकपात करावी की न करावी, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. पण तिच्यातून तूट भरून निघेल, असे म्हणता येत नाही. कारण २०२४ या वित्तीय वर्षाची तूट १.८३ ट्रिलियन होती.

बचतीतील वीस टक्के वाटा करदात्या कुटुंबांना वाटून प्रत्येकी ५,००० डॉलर द्यावेत, अशीही एक कल्पना तेव्हा पुढे आली होती. २ ट्रिलियनचे वीस टक्के म्हणजे ४०० अब्ज. ते ७ कोटी ९० लाख कुटुंबांत वाटले की पाच हजार येतात. गणित चोख आहे. मात्र बचत १५० अब्ज धरली, तर तोच वाटा प्रत्येकी सुमारे ३८० डॉलर होतो. पाया चुकला तर त्यावरचे बिनचूक गणितही चुकीचे उत्तर देते.

कोणी म्हणेल, अमेरिकेचा जमाखर्च आम्ही कशाला तपासावा? याचे एक उत्तर माझ्या घरातच आहे. अनेकांच्या घरांतही असेल. दुसरे उत्तर असे, की हीच पारख आपल्याकडेही लागते. अमुक सवलत बंद केली तर देशाचे एक हजार कोटी वाचतील, असा मजकूर आपल्याला वरचेवर येतो. एक हजार कोटी ही मोठीच रक्कम आहे. तिच्यात कितीतरी शाळा उभ्या राहतील. पण २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी धरला आहे. त्याच्याशी तुलना करता ती बचत शंभर रुपयांत दोन पैसे होते आणि माणशी सुमारे सात रुपये. ती करू नये असे नव्हे. मात्र तिच्या जोरावर कर माफ होतील, अशी स्वप्ने पाहू नयेत.

येथे उलट बाजूचा तोलही राखला पाहिजे. एक नोंद हजारपटीने चुकली, म्हणून सारी मोहीमच खोटी आणि एक डॉलरही वाचला नाही, असे म्हणणे हीदेखील न तपासता केलेली सहीच आहे. कर्जावरील व्याजापोटी ज्या देशाने २०२४ या वित्तीय वर्षात सुमारे ८८० अब्ज डॉलर भरले, त्याने काटकसरीचा विचार केला तर त्यात गैर काहीच नाही. काटकसर मला आजही प्रिय आहे. परंतु किती वाचते हे ठाऊक असल्याशिवाय त्यासाठी कोणी किती सोसावे, हे ठरवता येत नाही. ‘चार माणसांची गैरसोय’ असे मी लिहिले, तेव्हा माझ्या मनातील तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ८ अब्ज होते. ते ५५ लाख आहेत असे ठाऊक असते, तर मी तेच वाक्य तेवढ्याच सहजपणे लिहिले असते काय? मला वाटत नाही. माझ्या भाच्याचा करार वेगळा होता, हे खरे; पण माझी ‘शाब्बास’ सरसकट होती आणि ती त्यालाही लागली.

जुन्या काळी रोजचा ताळा जमला नाही, की आम्ही फरकाला नऊने भागून पाहत असू. निःशेष भाग गेला तर आकड्यांची उलटापालट झाली असेल किंवा शून्य जास्त पडले असेल, असा तर्क करून शोध सुरू होई. ८ अब्जांतून ८० लाख वजा केले की ७९९ कोटी २० लाख उरतात आणि त्यालाही नऊने पूर्ण भाग जातो. हे गणित मी त्या रात्री वहीच्या पाठकोऱ्या पानावर केले आणि मला माझीच लाज वाटली. ताळा जमेपर्यंत घरी न जाणारा मी, निवृत्तीनंतर न मोजता सही करू लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच गटावर, सर्वांना दिसेल असे, दुरुस्तीचे चार ओळींचे टिपण लिहिले. आकडा काय होता, खरा किती आहे आणि माझे आधीचे वाक्य मी मागे घेत आहे, इतकेच. भाच्याने त्यावर काही लिहिले नाही. मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना त्याला दुसऱ्या कंपनीत काम मिळाले, ते कळवायला त्याने फोन केला. फोन ठेवताना म्हणाला, “मामा, नव्या पगाराचा आकडा पाठवतो. वार्षिक आहे की मासिक, ते आधी बघा हं!”

वाचकहो, पुढच्या वेळी बचतीचा किंवा उधळपट्टीचा एखादा डोळे दिपवणारा आकडा आपल्या हाती आला, तर तो दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी पाच मिनिटे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. एकक कोणते, शून्ये किती, एकूण खर्चाच्या मानाने रक्कम केवढी, माणशी किती येते, एका वर्षाची की अनेक वर्षांची आणि मर्यादा की प्रत्यक्ष उचल, एवढे विचारावे. उत्तरे पटली तर खुशाल पुढे पाठवावा. न पटली तर तो आपल्यापाशीच थांबवावा. घरात नातवंडे असतील, तर त्यांना शेजारी बसवून घ्यावे. भागाकार त्यांच्याकडून करवून घ्यावा आणि उत्तर आले की खालून वर एकदा पुन्हा तपासायला सांगावे.